अकरा एकड्यांचा ताळा

बडगुजर सर गेल्या वर्षी सुरत सोडून पारोळ्याकडे आपल्या गावी गेले आणि गेल्याबरोबर थोर झाले. परवा आमच्या निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्यात एकाने त्यांचा उल्लेख ‘गणिताचे तपस्वी’ असा केला. मी बशीतलं खमण तसंच ठेवून त्या वक्त्याकडे पाहत राहिले. हेच गृहस्थ सर येताना दिसले की स्टाफरूमच्या मागच्या दाराने सटकायचे. माणूस डोळ्यांआड झाला की त्याचा जाच विसरायचा आणि नसलेले गुण आठवायचे, ही आपल्या लोकांची जुनी खोड. मला ती जमत नाही. मी सरांच्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं काढली आहेत. तपस्वी वगैरे काही नव्हते ते. हट्टी, तिरसट, आणि आपण सोडून बाकी सगळं जग ढ आहे अशी खात्री बाळगणारे एक गणिताचे मास्तर होते.

सुरतेच्या उधना भागातल्या आमच्या मराठी शाळेत मला सगळे कुलकर्णीबेन म्हणत. मी मराठी शिकवायची. मूळची नाशिकची, आणि त्याचा मला तेव्हा फार तोरा होता. सर भाषा म्हणजे वेळ घालवायचा विषय समजत. “तुमच्या विषयात चूक सापडत नाही, म्हणून तुमची मुलं पास होतात,” असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सुनावलं. मी म्हटलं, “आणि तुमच्या विषयात माणूस सापडत नाही.” त्यानंतर आमचं चांगलं जमलं, म्हणजे आम्ही रोज एकमेकांना टोचत राहिलो.

दिसायला काडीपैलवान. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात खडूचे दोन तुकडे, त्यामुळे खिसा कायम पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. जगातल्या प्रत्येक संख्येला ते एकच प्रश्न विचारत: “फुटतो का?” ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही, ती मूळ संख्या. तिला ते मान देत. बाकीच्या सगळ्या फुटक्या. माझा घर नंबर एकशे त्र्याण्णव आहे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं. “मूळ आहे. चांगलं आहे.” जणू घर मी आकडा बघून घेतलं होतं. आमच्या कारकुनाने नवी स्कूटर घेतली, पेढे वाटले. सरांनी पेढा तोंडात टाकला, नंबराची पाटी वाचली आणि म्हणाले, “चोवीसशे एक्याण्णव. सत्तेचाळीस गुणिले त्रेपन्न. दिसतो मूळ, पण आहे फुटका. तुमच्यासारखाच.” कारकुनाने त्यांना पुन्हा कधी पेढा दिला नाही.

सुरतेत अशा माणसाला करमणुकीची वाण नाही. इथे गाडीच्या भारी नंबरासाठी लोक देव पाण्यात ठेवतात. कुणाला सातशे शहाऐंशी हवा, कुणाला नुसते नऊ हवेत. सर त्या सगळ्यांवर थुंकायचे. पण त्यांना मूळ संख्येचं वेड, त्याला काय म्हणायचं? आपला तो बाब्या.

त्यांची दुसरी खोड म्हणजे ताळा. भागाकार झाला की भाजक आणि भागाकार यांचा गुणाकार करायचा, त्यात बाकी मिळवायची, सुरुवातीचा आकडा परत आला की ताळा जुळला. आपण सगळे हे चौथीत शिकतो आणि पाचवीत विसरतो. सर विसरले नव्हते. “ताळा केल्याशिवाय उत्तर म्हणजे अफवा,” हे त्यांचं ब्रीद. एकदा सकाळी कुणाचा तरी फोन आला की आमचे जुने हेडमास्तर गेले. सगळी शाळा पटांगणात दोन मिनिटं उभी राहिली. एकटे सर बसून वह्या तपासत होते. मी खडसावलं तर म्हणाले, “ताळा झाला का? घरी फोन केला का कुणी?” केला नव्हता. मला त्यांचा इतका राग आला की मी दिवसभर बोलले नाही. आठवड्याने जुने हेडमास्तर काठी टेकत हयातीचा दाखला घ्यायला शाळेत आले. सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि माझ्याकडे पाहून नुसती भुवई वर केली. ती भुवई मला महिनाभर पुरली.

बरोबर असणं आणि उपयोगाचं असणं यात फरक असतो हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं. एका पंधरा ऑगस्टला आमच्याकडे कापडाचे एक मोठे व्यापारी पाहुणे म्हणून आले. मुलांसाठी थंड पाण्याचा कूलर देणार म्हणून त्यांना आणलं होतं. त्यांच्या गाडीचा नंबर एक-एक-एक-एक. त्यावरच त्यांनी भाषण ठोकलं. “एक के बाजू में एक, उसके बाजू में एक, उसके बाजू में एक! एकता! कोई तोडी ना सके!” मुलांनी टाळ्या वाजवल्या. आभार मानायचं काम सरांकडे होतं. ते कुणी दिलं देव जाणे. सर माइकसमोर गेले आणि म्हणाले, “पाहुण्यांचे आभार. अकराशे अकरा तुटतो. अकरा गुणिले एकशे एक. मुलांनी घरी ताळा करून पाहावा.” आणि खाली बसले. कूलर आला नाही. पुढचे दोन उन्हाळे पोरं टाकीचं गरम पाणी प्यायली. “पण चूक तर होती ना?” असं सर विचारत, आणि मनापासून विचारत.

त्या विजयाची नशा त्यांना चढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आठवीच्या वर्गात फळा भरून नुसते एकडे लिहिले. माझा वर्ग शेजारी, मध्ये पत्र्याची भिंत, त्यामुळे त्यांचं गणित माझ्या कवितेत येऊन पडायचंच. अकरा, म्हणजे दोन एकडे, मूळ. तीन एकडे? फुटतात, तीन गुणिले सदतीस. चार कालच फुटले. पाच फुटतात, एक्केचाळीस गुणिले दोनशे एक्काहत्तर. सहा, सात फुटतात. आठ, नऊ, दहा फुटतात. पोरं प्रत्येक वेळी ओरडत होती, “फुटला!” मग अकरा एकडे आले. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. सर थांबले. मग म्हणाले, “हा मात्र फुटत नाही. हा मूळ.”

पुढच्या बाकावरची वैशाली उभी राहिली. लूमवर काम करणाऱ्या बापाची पोर, दोन वेण्या, आणि उत्तराची वाट न बघणारं तोंड.

“सर, हा पण फुटत असंल.”

“कशावरून?”

“तीनपासून दहापर्यंत सगळे फुटले. हा एकटाच कसा उरंल?”

“हा अंदाज झाला. अंदाज म्हणजे गणित नाही.”

“मग तुम्ही तपासलं का, सर?”

पत्र्याच्या अलीकडे माझी मुलंही वाचायची थांबली. सरांनी तपासलं नव्हतं. आदल्या रात्री हजारापर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग घालून पाहिला होता, तो गेला नव्हता, आणि तास संपत आला होता. आयुष्यात प्रथमच ते ताळ्यावाचून बोलले होते आणि तेवढंच नेमकं त्या पोरीने पकडलं होतं. ज्याला चूक पचत नाही त्याला ती पकडणारा तर मुळीच पचत नाही. “बाहेर उभी राहा,” सर म्हणाले. “‘मी तपासल्याशिवाय बोलले’ असं म्हण आणि आत ये.”

ती म्हणाली नाही. गणिताच्या तासाला ती रोज आपण होऊन दाराबाहेर जाऊन उभी राहायची. आठ दिवस. वही हातात, बाहेरूनच फळा बघून लिहायची. मी रोज तिच्या अंगावरून वर्गावर जायची. एकदा गमतीने म्हटलं, “काय गं, भालदार झालीस का?” ती हसली नाही. मला माझा विनोद तेव्हा आवडला होता. नवव्या दिवशी हेडमास्तरांनी तिला आत बसवलं. सर तिच्याकडे न बघता शिकवत राहिले, ती सरांकडे न बघता शिकत राहिली, आणि वर्ष संपलं.

आमची शाळा आठवीपर्यंतच. नववीला मुलांना लांबच्या हायस्कुलात जावं लागतं, आणि मुलींच्या बाबतीत तिथेच घोडं पेंड खातं. एप्रिलमध्ये वैशालीचा बाप पाळी संपवून थेट स्टाफरूममध्ये आला. केसांत कापसाचे तंतू, हातात टोपी.

“सर, पोरले पुढे शाळामा धाडू का?” त्याने विचारलं. “तुम्ही सांगश्यात तसं.”

सरांनी वहीतून मान वर केली नाही. “डोकं आहे,” ते म्हणाले. “पण शिस्त नाही. अंदाजाने बोलते. गणित हिला जमेल असं वाटत नाही.”

बापाने टोपी डोक्यावर घातली आणि “बरं” म्हणून गेला. त्याने एवढंच ऐकलं की सर नाही म्हणाले. मी त्याच टेबलावर बसून ‘माझे आवडते शिक्षक’ या विषयावरचे चाळीस निबंध तपासत होते. अहो, थांबा, पोरगी हुशार आहे, धाडा तिला, एवढं म्हणायला मला किती श्वास लागला असता? मी म्हटलं नाही. दुसऱ्याच्या विषयात तोंड घालू नये असा माझा बाणा होता. म्हणजे भित्रेपणाच, नाशिकचा असला म्हणून काय झालं. वैशाली नववीला गेली नाही. घरी बसून साड्यांना लेस लावायला लागली.

हे मला दिवाळीच्या सुट्टीनंतर कळलं, आणि सरांनाही तेव्हाच. त्यानंतर त्यांच्या टेबलावर एक जाड वही दिसू लागली. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की सर एक भागाकार करत, त्याचा ताळा करत, तारीख घालत आणि वही बंद करत. रोज एक. मी डोकावून पाहिलं. प्रत्येक पानावर वर तेच अकरा एकडे.

“हे काय?”

“त्या पोरीने विचारलं होतं, तपासलं का म्हणून. तपासतोय.”

मी हसले. हसू नाही तर काय करू? समोर मोबाईल पडलेला. त्यात अकरा एकडे घातले आणि चहाला उकळी यायच्या आत उत्तर आलं. संख्या फुटत होती. २१६४९ गुणिले ५१३२३९. पोरगी बरोबर होती.

“सर, सांगू का?”

त्यांनी दोन्ही हातांनी कान झाकले, लहान मुलासारखे. “खबरदार. तोंडही वाकडं करू नका, मला कळेल. तपासल्याशिवाय मी बोललो. मोबाईलने तपासायचं तर मग मोबाईलनेच जाऊन तिला सांगावं. मी कशाला हवा?”

याला तुम्ही तत्त्व म्हणाल. मी मूर्खपणा म्हणत होते. हिशेब सोपा होता. दोनपासून निघायचं आणि एकेका मूळ संख्येने भाग घालत जायचं. २१६४९ येईपर्यंत दोन हजार चारशेच्या वर भागाकार. रोज एक धरला तर पावणेसात वर्षं. आणि संख्या खरोखर मूळ असती तर एक लाख पाच हजारांपर्यंत जावं लागलं असतं. त्रेपन्नाव्या वर्षी सुरू केलेलं काम ऐंशीव्या वर्षी संपलं असतं. त्यांना ते माहीत होतं आणि तरी त्यांनी दोनपासून सुरुवात केली होती! पुढे मी कुठेतरी वाचलं की या संख्येला भाग घालणारी मूळ संख्या बावीसच्या पाढ्यापेक्षा एकानेच जास्त असावी लागते, म्हणजे त्यांचे दहापैकी नऊ भागाकार फुकट होते. तेही मी सांगितलं नाही. सांगू नका म्हणाले होते ना? मग करा.

घरी तर आणखी तमाशा. भाग घालायला मूळ संख्या हव्यात, आणि त्याही तयार मिळालेल्या चालणार नाहीत. पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या प्रोसेस हाउसमध्ये त्यांचा जुना विद्यार्थी होता. त्याच्याकडून त्यांनी डाग पडून बाद झालेलं कोरं कापड आणलं आणि लॉट नंबर लिहायच्या पक्क्या शाईने त्यावर ओळीने संख्या लिहिल्या. मग दोनच्या पटीतल्या खोडल्या, तीनच्या पटीतल्या खोडल्या, असं करत उरल्या त्या मूळ. एक कापड भरलं की दुसरं. उधन्याच्या त्या दोन खोल्यांत दारांना, खिडक्यांना, देवघरालाही आकड्यांचे पडदे. वहिनींनी मला चहा देताना एवढंच म्हटलं, “बेन, लोक पडद्यावर फुलं बघतात. मी एकोणीस हजार सातशे एकोणसाठ बघते.” मला वाटलं या बाईने घर सोडलं नाही हाच एक चमत्कार.

सर निवृत्त झाले तेव्हा वही सतरा हजारांच्या आसपास होती. निरोप समारंभात त्यांना नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यांनी उत्तरादाखल भाषण केलं नाही, “वेळ झाली” म्हणाले आणि कोपऱ्यात बसून त्या दिवसाचा भागाकार उरकला. वर्षभराने मीही निवृत्त झाले. त्यांची आठवण मला यायची ती अशी, की कॅलेंडर बघितलं की मनात हिशेब व्हायचा: आता एकवीस हजारांवर आले असतील. दुसऱ्याच्या खुळाचे दिवस मोजणारी बाई शहाणी म्हणायची का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

मग एका शनिवारी वहिनींचा फोन आला.

“बेन, आकडा तर सापडी गया,” त्या म्हणाल्या. “अडीच महिने झाले. पण हाऊ माणूस काही जागचा हालत नही. त्या वैशालीकडे जा म्हटलं तर म्हणे, काम अजून बाकी शे. तुम्हीच न्या आता.”

मी फोन सरांना द्यायला सांगितला, तेव्हा कारण कळलं. अकरा एकडे फोडून झाले होते, आता सर त्यातला दुसरा तुकडा, ५१३२३९, फुटतो का ते बघत बसले होते. पुन्हा दोनपासून. “पूर्ण झाल्याशिवाय कसं सांगू?” म्हणाले. सात वर्षं तंगड्या तोडून माणूस दारात आला आणि आत जायला घाबरला. त्याला पूर्णतेचं नाव दिलं की झालं. मी रविवारी सकाळी रिक्षा घेऊनच गेले आणि म्हटलं, “उठा. वही घ्या.”

डिंडोलीला वैशालीचं घर शोधायला वेळ लागला नाही. रस्त्यालगत दार, दारातच शिलाई मशीन, शेजारी साड्यांचा ढीग. मशीनवर वैशाली. वेण्या जाऊन अंबाडा आला होता, बाकी तोंड तेच. तिने आधी मला ओळखलं, मग माझ्यामागे पाहिलं आणि मशीनवरचा पाय थांबवला.

“या बेन. सर, या ना.”

मी आत गेले. तिने दिलेल्या खुर्चीवर बसले. भालदाराचं तिला आठवत असावं. मी विचारलं नाही. सर उंबऱ्याबाहेरच थांबले. चप्पलही काढली नाही.

“सर, आत या.”

“नाही. आधी ताळा.” त्यांनी वही उघडून पुढे केली. “अकरा एकडे. एकवीस हजार सहाशे सत्तेचाळीसने भाग गेला नाही. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने गेला. बाकी शून्य. भागाकार पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. तू करून बघ.”

तिने वही घेतली. साडीच्या खोक्याचा एक पुठ्ठा ओढला, लेसवर खुणा करायची पेन्सिल घेतली आणि गुणाकार मांडला. घाई केली नाही. तिचा बाप आतल्या खोलीतून येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. मला त्या उत्तराची सात वर्षं खात्री होती, तरी माझं लक्ष पेन्सिलीवरून हलेना. शेवटची बेरीज करताना उजवीकडून एक आला. मग एक. हातचा धरून पुन्हा एक. ती प्रत्येक एकडा तेवढ्याच काळजीने लिहीत गेली. अकरावा लिहिला आणि पेन्सिल ठेवली.

“जुळला,” ती म्हणाली. मग वहीची पानं मागे उलटत गेली, तारखा बघत. “सात वर्षं लागली, सर?”

“जवळजवळ.”

“मी इथंच होते. मला बोलावलं असतं. दोघांनी साडेतीन वर्षांत केलं असतं.”

ती वहीच्या शेवटच्या पानांवर आली आणि तिने कपाळाला आठी घातली. “आणि हे काय? ५१३२३९ ला भाग कशाला घालताय?”

“तो मूळ आहे का बघतोय. चारशे एकपर्यंत आलो. अजून जातच नाही.”

“नाही जायचा. तो मूळच आहे.”

“तपासल्याशिवाय...” सर म्हणाले आणि तिथेच थांबले. ती सवय त्यांच्या तोंडात अजून जिवंत होती.

“तपासलंय की. तुम्हीच तपासलंय, सर,” वैशाली म्हणाली. “याला ज्याने भाग जाईल, त्याने अकरा एकड्यांनाही गेलाच असता ना? आणि दोनपासून एकवीस हजारांपर्यंत तुम्ही सगळ्या मूळ संख्या घालून बघितल्या. एकही गेली नाही. मग आता कुठून जाईल? आणि दोन्ही तुकडे एकवीस हजारांच्या वरचे म्हणाल, तर त्यांचा गुणाकार पाच लाखांवर थोडाच थांबतो? कोटींत जाईल.”

तिने पेन्सिल उचललीही नव्हती. मी इतकी वर्षं मोबाईलातलं उत्तर उराशी धरून स्वतःला शहाणी समजत होते. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सरांच्याही आलं नव्हतं. अडीच महिने ते जे करत होते ते त्यांनीच आधी करून ठेवलेलं होतं, आणि आठवीत शाळा सुटलेल्या पोरीला ते वही बंद करायच्या आत दिसलं. हिला गणित जमेल असं वाटत नाही म्हणे! मला त्या क्षणी सरांची कीव आली नाही. संताप आला, त्यांचाही आणि माझाही.

सरांनी वहीसाठी हात पुढे केला. खिशातलं पेन काढून ५१३२३९ च्या पानांवर उभी रेघ मारली, सगळ्या पानांवर, एकेक करत. मग वही छातीशी धरून म्हणाले, “मी तपासल्याशिवाय बोललो.”

हेच वाक्य त्यांना आठवीत वैशालीकडून हवं होतं.

“त्या दिवशी वर्गात बोललो तेही,” सर म्हणाले, आणि त्यांनी भिंतीला टेकलेल्या बापाकडे पाहिलं. “आणि स्टाफरूममध्ये तुमच्याशी बोललो तेही. अकरा एकड्यांचं दुरुस्त करता आलं. त्या दुसऱ्या बोलण्याचं कसं करायचं, मला येत नाही.”

बापाने मान खाली घातली. मला वाटलं आता पोरगी रडेल, पाया पडेल, झालं गेलं म्हणेल. आमच्या मेळाव्यातल्या वक्त्याने गोष्ट तशीच संपवली असती. सरांनी चपलेतून एक पाय काढला.

“आत येऊ का?” त्यांनी विचारलं.

“थोडं उभे राहा, सर,” वैशाली म्हणाली.

सरांनी पाय परत चपलेत घातला आणि उभे राहिले. दुपार व्हायला आली होती, दारावर ऊन होतं, गल्लीतली दोन माणसं जाता जाता त्यांच्याकडे बघून गेली. माझ्या हातात चहा होता आणि मी खुर्चीवर बसले होते. मला कुणी उभं राहा म्हटलं नव्हतं, आणि तेच जास्त लागलं.

वैशालीने अर्धी राहिलेली साडी पुन्हा सुईखाली घेतली. मशीन सुरू केलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लेस लावली, पदराचा कोपरा नीट वळवला, दोरा दाताने तोडला, साडीची घडी केली, खोक्यात ठेवली. मग तिने दाराकडे पाहिलं.

सर तिथेच उभे होते.